एक आई, तीन वाढदिवस आणि आमची फजिती

आधी प्रकरण काय ते सांगते. आईला ८० पूर्ण झाली, आम्ही तिघं भावंडं, आणि या एका वाढदिवसाचे आम्ही वर्षभरात तीन वाढदिवस केले. त्यातला एक सरकारी, एक हॉलमधला (तो फसला), आणि एक घरातला. खर्च किती, कोण कुठं चुकलं, आईला काय आवडलं, सगळं जसं झालं तसं लिहिते. कोणाच्या घरी पंच्याहत्तरी-ऐंशी जवळ आली असेल तर बघा काही उपयोग होतो का.

आई ८० ची, वजन ४७ किलो, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्या कानात मशीन, गुडघे गेलेले, पण डोकं माझ्यापेक्षा तेज. बाबा रेल्वेत होते, नागपुरात अजनीला, ते जाऊन तेरा-चौदा वर्षं झाली. आई दादा-वहिनीकडे मानेवाड्याला असते, मी मधली, सासर त्रिमूर्तीनगर, धाकटा बंगलोरला. कोण पैसे देणार, कोण धावपळ करणार आणि कोण व्हिडिओ कॉलवरून सूचना करणार, हे एवढ्यावरून समजलं असेलच.

पहिली भानगड तारखेची. आईच्या आधार कार्डावर १ जुलै १९४४ आहे. ही तारीख अर्थातच खोटी. त्या काळात पोरीला शाळेत नेलं की मास्तर विचारायचे कधीची, घरचे म्हणायचे दिवाळीच्या आधीची, मास्तर मान हलवून १ जुलै लिहून टाकायचे, शाळा जूनच्या शेवटी उघडायची म्हणून. आपल्याकडे त्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला नाही तर १ जुलैला येतो. खरी तारीख आईच्या वडिलांनी भिवापूरच्या घरी पोथीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली, शके १८६६, आश्विन शुद्ध १५. म्हणजे कोजागिरी. ती पोथी मामाकडे अजून आहे, पान पिवळं पडलंय पण शाई वाचता येते.

आता गंमत बघा, आमच्या घरी आईचा वाढदिवस कधी झालाच नाही. कारण कोजागिरीला मोठ्या अपत्याची आश्विनी असते, आई दादाला ओवाळायची, मग भुलाबाईचा शेवटचा दिवस म्हणून कॉलनीतल्या पोरींची खिरापत, मग रात्री दूध आटवायचं. या सगळ्यात जिचा वाढदिवस ती सकाळपासून चुलीपुढे. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा मला पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण आईला तिच्या वाढदिवशी कधी ओवाळलंच नाही. लाज वाटली, खरं सांगते.

तर पहिला वाढदिवस झाला १ जुलै २०२४ ला, आणि तो साजरा केला दादानं एका फाइलीसोबत. आई रेल्वेची फॅमिली पेन्शन घेते, आणि केंद्र सरकारच्या नियमात ८० पूर्ण झाले की मूळ पेन्शनच्या २० टक्के जास्तीचे मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० झाले की पूर्ण १०० टक्के. त्यावर महागाई भत्ता वेगळा. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या १ तारखेपासून. हे बऱ्याच जणांना माहीतच नसते, आणि फॅमिली पेन्शनवाल्यांची अडचण अशी की पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदात, नवऱ्याची जन्मतारीख असते, बायकोचा रकाना रिकामा. आईचा रिकामाच होता. बँकेचं नाव घेत नाही, पण तिथल्या माणसानं दादाला तीन चकरा मारायला लावल्या, आधार आण, पॅन आण, शाळेचा दाखला आण, आणि शेवटी जुलैपासूनचे पैसे डिसेंबरात एकदम जमा झाले. तुमच्या घरी कोणी ७८-७९ चं असेल तर तारखेचं काम आत्ताच करून ठेवा. आणि हो, ८० च्या वर गेलेल्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न बघता १ ऑक्टोबरपासून देता येतो, गर्दी टळते.

आई तेव्हा म्हणाली होती, "सरकारले मी जुलैतच म्हातारी झाली, तुम्ही काहून ऑक्टोबरची वाट पाहून राहिले?" आम्ही हसलो आणि सोडून दिलं.

दुसरा म्हणजे मोठा कार्यक्रम. कोजागिरी आली १६ ऑक्टोबरला, बुधवार. धाकट्याच्या डोक्यात सहस्रचंद्रदर्शन बसलं होतं, त्यानं कुठंतरी पत्रिका पाहिली होती. गुरुजींकडे गेलो तर त्यांनी सगळी यादीच सांगितली, साठीला उग्ररथ शांती, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री, आणि ऐंशी झाली की सहस्रचंद्रदर्शन. वर त्यांनी अजून एक पाचर मारली, बुधवारी पौर्णिमा लागते रात्री पावणेनऊच्या आसपास, तुमचा हॉल साडेसहाचा, म्हणजे तुम्ही ओवाळाल तेव्हा चतुर्दशीच असेल. दादा म्हणाला गुरुजी जाऊ द्या, हॉलवाला साडेदहाला लाइट बंद करतो.

धाकट्याला आईची गूळतुलाही करायची होती. आईनं एका वाक्यात संपवलं, "मले तागडीत नको बसवू बाप्पा, मी काय कांदे आहो का." बरं झालं, ४७ किलो गूळ नंतर कोणाच्या गळ्यात मारणार होतो देव जाणे.

हॉल मानेवाडा रिंग रोडवर घेतला, भाडं ३५ हजार, १३० पानं ३५० रुपयांनी म्हणजे साडेपंचेचाळीस हजार, डेकोरेशन, फोटोवाला, प्रोजेक्टर, स्टेजवर तो सिंहासनासारखा सोफा, सगळं धरून एक लाख आठ हजार. तिघांत वाटले. आणि यादी करायला बसलो तेव्हा आई पलंगावरून दोनदा म्हणाली, "शिवणाच्या पोरींले सांगा." मी हो म्हणलं. वहिनीनं पण हो म्हणलं. पण दादाचे ऑफिसवाले ३०, माझ्या सासरचे २२, वहिनीच्या माहेरचे, सोसायटीचे, अशी १३० ची यादी भरली आणि शिवणाच्या पोरी कुठल्या कुठं राहिल्या. कोणाकडे नंबरच नव्हते त्यांचे. नंबर नाही म्हणजे नाव नाही, असं झालं ते.

आता हॉलमध्ये काय झालं ते. स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही, आईला दोघांनी धरून चढवलं. बाथरूम खालच्या मजल्यावर, भारतीय पद्धतीचं. आईनं हे आधीच वहिनीला विचारून घेतलं होतं आणि म्हणून दुपारी ४ पासून तिनं पाण्याचा घोट घेतला नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी चक्कर आली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडलं, म्हाताऱ्या माणसाला आधीच तहान कमी लागते आणि त्यात तुम्ही ऑक्टोबरच्या उकाड्यात सहा तास कोरडं ठेवलं. सिल्कच्या साडीत, लाइटच्या झोतात. हा माझ्या मते सगळ्यात मोठा गुन्हा आणि तो आमचाच.

कानाचं तर विचारूच नका. मशीन लावलेल्या माणसाला शांत खोलीत एकजण बोलला तर बरं ऐकू येते, पण हॉलमध्ये मशीन सगळंच मोठं करते, भांड्यांचा आवाज, पोरांचा गोंगाट, स्पीकरचा धडधडाट, आणि त्यातून शब्द वेगळे निघतच नाहीत. दादानं माइकवर पंधरा मिनिटं भाषण केलं, बाबांची आठवण, क्वार्टरमधले दिवस, खूप छान बोलला, स्वतः रडला. आई समोर बघून मान हलवत होती. नंतर घरी आल्यावर साडी सोडताना तिनं ब्लाउजात हात घालून रुमालाची पुरचुंडी काढली, त्यात मशीन. सात वाजताच काढून ठेवलं होतं. दादाला हे आजपर्यंत सांगितलेलं नाही, हे वाचून कळेल.

फोटोंची फिल्म भाच्यानं केली होती, १४० फोटो, बावीस मिनिटं. मी मागं उभी राहून मोजत होते, एकट्या आईचे किती. सात. बाकी सगळ्यात ती कडेला, कोणाचं तरी लेकरू कडेवर, अर्धा खांदा कापलेला. एक फोटो मात्र भारी होता, छोट्या लाईनच्या डब्याच्या खिडकीत आई, विशीतली, भिवापूरला माहेरी चाललेली. इतवारीहून नागभीडकडे जाणारी ती नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, पण आमच्या घरी अजून "छोट्या लाईनवरचं गाव" असंच म्हणतात. तो फोटो चार सेकंद दिसला आणि पुढचा आला.

मग औक्षण. ८० कणकेचे दिवे एका परातीत. पंखे चालू तर दिवे विझतात, पंखे बंद तर लोकं घामाघूम. परात तूप-कणीक धरून चांगलीच जड, एका हातानं फिरवता येईना म्हणून दोघींनी दोन बाजूंनी धरली, आणि ऐंशी ज्योतींची धग आईच्या चेहऱ्यावर, ती मागं मागं सरकतेय. आणि त्याच वेळी आमच्या एका नात्यातल्या बाई पुढं येऊन म्हणाल्या, सवाष्णीच पुढं या, बाकीच्या थांबा. बाकीच्या म्हणजे वहिनीची आई आणि माझी मावशी, दोघी हातात अक्षता घेऊन उभ्या होत्या, त्या मुकाट्यानं मागं झाल्या. जिला ओवाळायचं ती स्वतःच विधवा, आणि तिला ओवाळायला विधवा चालत नाही! २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद केल्या, सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं, आणि आम्ही नागपुरातले शिकले-सवरलेले, तोंडातून एक शब्द नाही काढला. मी पण नाही. मला त्या क्षणी वाटलं की कार्यक्रमात वाद नको. नंतर महिनाभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

जेवण चांगलं होतं, पाटवडी रस्सा उत्तम झाला होता, एवढं कॅटररचं देणं लागते. दूध पण आटवलं होतं, केशर-चारोळी घालून, पण चंद्र? हॉलला छत, बाहेर पार्किंगमध्ये लग्नाचा मांडव. कोजागिरीचं दूध आम्ही ट्यूबलाइटखाली प्यायलो.

या रात्रीतलं चांगलं काय झालं तर ते हॉलमध्ये नाही झालं. घरी आलो अकराला, आईला झोपवलं, आम्ही पाकिटं मोजत बसलो. पावणेबाराला आतून आवाज, "आश्विनी राहिली ना वं." ती उठून बसली होती. वहिनीनं निरांजन लावलं, आईनं स्वतः सुपारी शोधली, आणि ५७ वर्षांच्या दादाला, बर्म्युडा आणि बनियनवर, पाटावर बसवून ओवाळलं. हात थरथरत होता तर डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. दादा खाली बघत होता. मग मी म्हणलं आई आता तू बस, आणि तेच ताट घेऊन तिला ओवाळलं, एकच निरांजन, पंखा बंद, खोलीत पाच माणसं. मशीन कानात होतं. ती म्हणाली, "आता ऐकू येऊन राहिलं सगळं."

तिथंच खरं तर आम्हाला समजायला पाहिजे होतं, पण समजलं भाच्यामुळे. त्याला आकड्यांचा नाद. सहस्रचंद्र म्हणजे हजार पौर्णिमा, तर ८० वर्षांत त्या होतात का, असं त्यानं एक्सेलमध्ये मांडलं. वर्षाला १२ प्रमाणे ९६०, त्यात अधिक महिन्यांच्या ३० मिळवल्या की ९९०, आणि जन्माची कोजागिरी धरून ९९१. म्हणजे आम्ही लाखभर रुपये घालून सहस्रचंद्रदर्शन केलं तेव्हा नऊ चंद्र कमी होते! त्यानं पुढं मोजलं, कार्तिकी, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आणि हजारावी येते आषाढी पौर्णिमा, १० जुलै २०२५. गुरुपौर्णिमा.

आईला सांगितलं तर तिनं लगेच विचारलं, "मग त्या दिवशी तरी शिवणाच्या पोरी येतीन का?"

या पोरी कोण ते सांगायचं राहिलं. १९७६ पासून वीस-बावीस वर्षं आई अजनीच्या क्वार्टरच्या पडवीत शिवणाचा क्लास घ्यायची, दोन मशिनी, आधी १५ रुपये महिना मग ४०, आमची तिघांची शिक्षणं त्यावरच निघाली. रेल्वे कॉलनीतल्या, मेडिकल चौकाकडच्या, रामबागेतल्या पोरी यायच्या. आम्ही मात्र हे कायम "आईचा टाइमपास" म्हणून धरलं. दादाच्या त्या पंधरा मिनिटांच्या भाषणात क्लासचं नाव एकदाही आलं नाही, मी नंतर व्हिडिओ बघून खात्री केली.

नंबर मिळवायचं काम मी घेतलं. आईच्या ट्रंकेत फीची वही निघाली, निळ्या शाईत नावं, पुढं मापं, पुढं "बाकी ५ रु." अशा नोंदी. नावं माहेरची, आता आडनावं बदललेली, कोण कुठं गेली पत्ता नाही. जुन्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वहीच्या पानांचे फोटो टाकले (आधी "बाकी" वाला भाग झाकला, नाही तर भांडणं झाली असती) आणि दोन महिन्यांत अकरा जणी सापडल्या. एक काटोलला, एक वर्ध्याला, बाकी नागपुरातच, जरीपटका, नंदनवन, हुडकेश्वर. इतकी वर्षं एकाच गावात.

१० जुलै गुरुवार होता. दोन दिवस आधी नुसता धो धो पाऊस, मला वाटलं कोणी येत नाही. दुपारी तीनला अकराच्या अकरा आल्या. घरातच, आईच्या पलंगाभोवती सतरंजी आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कारण गुडघे त्यांचेही गेलेत, सगळ्या साठीच्या आसपास. स्टेज नाही, माइक नाही, बाथरूम चार पावलांवर आणि तिथं पकडायला दांडी दादानं बसवून घेतलेली. आईला आम्ही नीट बसवून एकच नियम केला की एकावेळी एकीनंच बोलायचं. तो दहा मिनिटं टिकला, पण तरी चाललं.

नंदनवनवालीनं स्वतः शिवलेलं ब्लाउज आणलं होतं, कटोरीचं, आईसाठी. आईनं घडी उलगडली, उलटं केलं, अस्तराची टीप अंगठ्यानं चाचपत गेली, मुंढ्याशी थांबली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "टक्स अर्धा इंच वर गेला. काखेत ओढन." सगळ्या ओरडल्या, बाई अजून तशाच आहेत! ती ६२ वर्षांची बाई लाजून म्हणते, "बाई, उसवून परत आणते." आणि खरंच आठवड्यानं आणलं.

औक्षणाची वेळ आली तेव्हा मी आधीच ठरवलं होतं की या वेळी बोलायचं, पण बोलायची वेळच आली नाही. अकरापैकी चार जणींचे नवरे गेलेले, त्या सवयीनं मागं सरकल्या. आईनं पलंगावरूनच बोट केलं, "तू ये आधी. तुझी तुरपाई सगळ्यात चांगली होती." झालं, त्यानंतर कोणाचं काय आणि कसं. वहिनीच्या आईला मी मुद्दाम बोलावलं होतं, त्यांनी पण ओवाळलं, आणि ऑक्टोबरबद्दल मी त्यांची माफी मागितली, स्वयंपाकघरात, हळूच. त्या म्हणाल्या अगं मी विसरले. विसरल्या नव्हत्या.

जेवायला वडाभात, हिंगाची फोडणी आणि कढी, वहिनी आणि मी केलं. एकूण खर्च चार हजार दोनशे, त्यात दांडीचे साडेआठशे. आता कोणी म्हणेल मोठा कार्यक्रम करूच नये का, तर तसं नाही, दादाच्या लोकांना, आमच्या सासरच्यांना यायचं होतं, ते आले, त्यांना बरं वाटलं. पण तो आमचा कार्यक्रम होता, आईच्या नावानं. तेवढं कबूल करून केला असता तर स्टेज ठेवलंच नसतं, तासाभरात आईला घरी आणून सोडलं असतं.

रात्री भाच्यानं तिला गॅलरीत खुर्चीवर बसवलं, हजारावा चंद्र दाखवायला. धाकटा व्हिडिओ कॉलवर. आभाळ गच्च, चंद्राचा पत्ता नाही, नुसता लाइटच्या खांबाभोवती पाऊस दिसत होता. वीस मिनिटं वाट बघितली.

भाचा म्हणाला, "आजी, दिसला नाही तरी हजार झाले."

"नाही झाले. दर्शन म्हणते ना त्याले? दिसला कुठं?" आणि मग तिनं हिशोबच सुरू केला, दरवर्षी पावसाळ्यातल्या तीन तरी वजा कर म्हणे, त्या कोणाले दिसते. भाचा मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून बसला. ८० वर्षांच्या २४० गेल्या, त्या भरून काढायच्या तर वर्षाला नऊ-साडेनऊ प्रमाणे अजून पंचवीस वर्षं.

"म्हणजे एकशे पाच," तो म्हणाला.

आईनं शाल ओढून घेतली, जरा विचार केला आणि दादाकडे वळली. "शंभरले किती देते रे रेल्वे?"

"शंभर टक्के."

"मग तो रकाना नीट भरला ना तुनं? पाहून घे एकदा."